अकाली गेलेल्या रॉक अँड रोल गायकांची स्मरणबैठक घरच्या घरी कशी करावी

बडी हॉली बावीस वर्षांचा होता, रिची व्हॅलेन्स सतरा आणि 'बिग बॉपर' अठ्ठावीस. ३ फेब्रुवारी १९५९ ला रात्री एकच्या सुमारास आयोवातल्या एका मक्याच्या शेतात त्यांचं छोटं विमान कोसळलं. दर फेब्रुवारीत त्यांची आठवण निघते आणि ती बहुतेक ठरलेल्या साच्यातच निघते. विमानाच्या अवशेषांचा फोटो, नाणं उडवल्याची गोष्ट, 'संगीत मेलं तो दिवस' हे वाक्य आणि त्यावर डॉन मक्लीनचं १९७१ मधलं साडेआठ मिनिटांहून लांब गाणं. या सगळ्यात हॉलीची स्वतःची गाणी किती वाजतात? एखादं. व्हॅलेन्सचं 'ला बाम्बा' वाजलंच, तर तेही बहुधा १९८७ च्या चित्रपटासाठी लॉस लोबोसनी गायलेलं.

ज्यांनी दोन-तीन वर्षांत एवढं काम करून ठेवलं त्यांची आठवण त्यांच्या कामातून काढावी, अपघात शेवटी आणि थोडक्यात सांगावा, एवढ्या एका तत्त्वावर पुढची सगळी मांडणी आहे. पाच ते दहा जण, एक खोली, दोन-सव्वादोन तास आणि थोडी पूर्वतयारी, एवढ्यात हे होतं. वाद्य वाजवता यायची गरज नाही. इंग्रजी गाणी ऐकायची सवय नसलेले लोक असतील तर उलट बरंच, कारण त्यांच्या कानांवर जुनी पुटं नसतात.

पहिलं काम : एकच माणूस निवडा

यादी मोठी आहे. हॉली, व्हॅलेन्स, बॉपर, एडी कॉक्रन, जॉनी एस, चक विलिस, फ्रँकी लायमन, लिटल विली जॉन, जॉनी बर्नेट, बॉबी फुलर. सगळ्यांना एका संध्याकाळी बसवायला गेलात तर प्रत्येकाच्या वाट्याला एक गाणं आणि एक मरणाची तारीख येते. ती श्रद्धांजलीची सभा होते. ऐकणं होत नाही.

पहिल्या बैठकीला मी हॉलीच सुचवेन, आणि त्याचं कारण व्यावहारिक आहे. त्याच्या हयातीत तीन अल्बम निघाले आणि १९५६ ते जानेवारी १९५९ एवढ्या अवधीतली बरीच रेकॉर्डिंग आज सहज मिळतात. त्यामुळे तो महिन्यागणिक कसा बदलत गेला ते कानांनी पकडता येतं. व्हॅलेन्सच्या हयातीत एकही अल्बम निघाला नव्हता आणि कॉक्रनचा एकच निघाला. हॉलीची बैठक उभी राहिली की बाकीचे तिच्यात पाहुणे म्हणून येतात, आणि पुढच्या वेळी यजमान होतात.

दिवस ठरवताना

३ फेब्रुवारीच घ्यायचा असेल तर घ्या, पण एक हिशेब ध्यानात ठेवा. आयोवातली रात्रीची एकची वेळ म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी दुपारचे साडेबारा. 'त्या रात्री' म्हणून आपण २ तारखेच्या रात्री जमलो तर तेव्हा तिकडे ते तिघे अजून प्रवासातच असतात.

मला स्वतःला जन्मदिवस बरे वाटतात. हॉलीचा ७ सप्टेंबर १९३६, व्हॅलेन्सचा १३ मे १९४१, बॉपरचा २४ ऑक्टोबर १९३०, कॉक्रनचा ३ ऑक्टोबर १९३८. हॉलीच्या बाबतीत आपली अडचण अशी की ७ सप्टेंबर बरेचदा गणपतीत सापडतो. २०२४ ला तर गणेशचतुर्थी नेमकी त्याच दिवशी होती. खाली ढोल-ताशा चालू असताना वर सेलेस्टाचे, म्हणजे घंट्यांसारख्या वाजणाऱ्या वाद्याचे, बारीक सूर कोणाला ऐकू येणार? अशा वर्षी २५ फेब्रुवारी धरा. १९५७ साली त्या तारखेला न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात 'दॅटल बी द डे' ध्वनिमुद्रित झालं आणि हॉलीचा खरा आरंभ तिथून आहे.

रेकॉर्डिंग गोळा करणं

इथे घाई केली की सगळंच फसतं. नावावरून गाणं शोधलं आणि पहिलं सापडलं ते लावलं, असं करू नका. तीन सापळे आहेत.

पहिला सापळा नंतरच्या पुनर्मुद्रणांचा. पन्नाशीच्या दशकातले अनेक कलाकार पुढे तीच गाणी पुन्हा गायले आणि तीही स्वस्त संग्रहांमध्ये मूळ नावाने फिरतात. लवकर गेलेल्यांच्या बाबतीत हा धोका कमी, पण त्यांच्या साथीदारांच्या बँडनी पुढे केलेल्या आवृत्त्या असतातच. तपशिलात ध्वनिमुद्रणाचं वर्ष दिलेलं नसेल तर ती फाइल सोडून द्या.

दुसरा सापळा नकली स्टीरिओचा. मूळ मोनो रेकॉर्डिंगला साठच्या दशकात कृत्रिमरीत्या दोन बाजूंना पसरवून विकलं गेलं. ऐकताना आवाज बादलीतून आल्यासारखा वाटतो. 'मोनो' असं स्पष्ट लिहिलेली आवृत्ती घ्या.

तिसरा सापळा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो खास हॉलीचा आहे. १९५८ च्या शेवटी तो पत्नी मारिया एलेनाबरोबर न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये राहत होता. तिथे अँपेक्सच्या टेपरेकॉर्डरवर त्याने डिसेंबर आणि जानेवारीत काही नवी गाणी घरीच टेप केली. फक्त गिटार आणि आवाज. तो गेल्यावर कंपनीने त्या टेपांवर १९५९ मध्ये निर्माता जॅक हॅन्सनकडून वाद्यं आणि साथीचे आवाज चढवले. पुढे हॉलीचा क्लोव्हिसचा जुना निर्माता नॉर्मन पेटी याने 'फायरबॉल्स' या बँडकडून त्याच टेपांवर वेगळी साथ चढवून घेतली. त्यामुळे 'क्राइंग, वेटिंग, होपिंग' हे एकच गाणं तुम्हाला तीन रूपांत मिळेल. आपल्याला हवी ती साथ न चढवलेली, कोरी टेप. शोधताना 'अनडब्ड' हा शब्द पाहा. वाचायला हा संग्राहकांचा हट्ट वाटेल, पण एकदा दोन्ही पाठोपाठ ऐका. चढवलेल्या आवृत्तीत तो एका बँडचा गायक असतो. कोऱ्या टेपेत तो घरात बसून गाणं जुळवत असतो आणि त्याला अजून पुष्कळ वेळ आहे असं त्याच्या आवाजातून वाटतं.

तबकड्यांचा नाद असेल तर मुंबईच्या चोरबाजारातल्या जुन्या दुकानांत फेरी मारायला हरकत नाही, पण घेण्याआधी गती पाहा. भारतात ७८ गतीच्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. त्यांना जाड टोकाची सुई लागते. एलपीची सुई लावली तर खरखर जास्त आणि गाणं कमी ऐकू येतं. बैठकीसाठी डिजिटल फायलीच सोयीच्या. तबकडी हातात घेऊन बघायला ठेवा.

खोली आणि स्पीकर

मोनो रेकॉर्डिंगला एक चांगला स्पीकर पुरतो. तो श्रोत्यांच्या समोर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. फोनमधली आणि स्पीकरमधली 'बेस बूस्ट'सारखी सगळी बटणं बंद करा. या रेकॉर्डिंगमध्ये उभा, लाकडी डबल बास आहे. त्याला फुगवलं की ड्रम ऐकू येईनासे होतात. पंखा शक्य असेल तर मंद ठेवा. खाणंपिणं आधी किंवा नंतर, कारण गाणी दोन-दोन मिनिटांची आहेत आणि चिवड्याच्या कुरकुरीत अर्धं गाणं निघून जातं.

मंडळी जमेपर्यंत काय लावावं? माझी निवड 'आशा' या १९५७ च्या चित्रपटातलं 'ईना मीना डीका'. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. हॉलीची गाणी अमेरिकेत गाजायला लागली त्याच वर्षी आपला एक मराठी संगीतकार मुंबईत रॉक अँड रोलचा ठेका हिंदी सिनेमात खेळवत होता. खोलीतल्या ज्येष्ठांना हे गाणं पाठ असतं. ते गुणगुणायला लागले की पुढचा रस्ता सोपा.

ऐकण्याचा क्रम

नियम एकच : प्रत्येक गाणं दोनदा. पहिल्यांदा काहीही न सांगता. मग दोन-तीन वाक्यांत काय ऐकायचं ते सांगा आणि पुन्हा लावा. नऊ गाणी, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटं, दोनदा आणि मधलं बोलणं मिळून सव्वा तास होतो.

सुरुवात 'दॅटल बी द डे'च्या दोन आवृत्त्यांनी. आधी १९५६ मधली नॅशव्हिलची, डेका कंपनीसाठी केलेली. आवाज वर ताणलेला, गाणारा अवघडलेला. लगेच पाठोपाठ १९५७ ची क्लोव्हिसची. तेच शब्द, तीच चाल, पण आता माणूस खुर्चीत मागे रेलून गातोय. हा फरक कुठून आला ते सांगा. टेक्सासमधल्या लबकहून क्लोव्हिस साधारण दीडशे किलोमीटर. तिथल्या नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत तासाचा दर नव्हता, ठरावीक रक्कम होती. त्यामुळे घड्याळाकडे न बघता रात्र-रात्र प्रयोग करता यायचे. नॅशव्हिलमध्ये दुसऱ्यांच्या वेळापत्रकात बसावं लागत होतं. बँडचं नाव 'द क्रिकेट्स' पुढे आलं तेही याच गाण्यामुळे, कारण डेकाशी केलेल्या करारानुसार तिथे ध्वनिमुद्रित केलेली गाणी पाच वर्षं दुसरीकडे स्वतःच्या नावाने करायची हॉलीला मुभा नव्हती. सप्टेंबर १९५७ मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग 'पेगी स्यू'. इथे जरा थांबा. हे गाणं म्हणजे एका ड्रमरची कमाल आहे. जेरी ॲलिसन पूर्ण गाणंभर थाळी न वाजवता ड्रमवर दोन्ही हातांनी सलग 'रोल' वाजवत राहतो. आवाज एवढा मोठा की ड्रम स्टुडिओच्या खोलीबाहेर दर्शनी भागात नेऊन ठेवावे लागले. पेटी आत बसून त्या ड्रमवर घुमारा चालू-बंद करत होता. दुसऱ्यांदा ऐकताना हेच ऐकायला सांगा : ड्रम एकदा जवळ येतात, एकदा लांब जातात, पुन्हा जवळ येतात. कोणी ड्रमर पुढे-मागे सरकत नाहीये, पेटीची बोटं बटणावर आहेत. हॉलीची गिटार सतत वरून खाली, एकाच दिशेने मारलेली आहे. मधल्या एकल तुकड्यासाठी गिटारवरचं बटण बदलायचं होतं, पण त्याचा हात क्षणभरही मोकळा नव्हता. म्हणून दुसरा गिटारवादक निकी सुलिव्हन बाजूला गुडघ्यावर बसला आणि वेळ येताच त्याने ते बटण फिरवलं. तुकडा सुरू होतो तिथे स्वर एकदम धारदार होतो, तो याच बटणाचा. लोकांना हे सांगून गाणं लावलं की खोलीत त्या क्षणी हटकून हसू फुटतं.

त्याच तबकडीची दुसरी बाजू 'एव्हरीडे'. ड्रम नाहीतच, ॲलिसन स्वतःच्या मांड्यांवर थापा मारतोय. वर घंट्यांसारखा सूर येतो तो सेलेस्टा, वाजवणारी नॉर्मन पेटीची पत्नी व्हाय पेटी. एका बाजूला एवढा गडगडाट आणि पालटली की एवढी शांतता, आणि खरेदी करणाऱ्या पोराला हे दोन्ही एकाच पैशात. लगेच 'नॉट फेड अवे' लावा. ठेका बो डिडली या गायकाच्या धाटणीचा आणि तो वाजतोय पुठ्ठ्याच्या खोक्यावर. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सनी हेच गाणं केलं. श्रोत्यांत त्यांचा चाहता असेल तर तो इथे जागा होतो.

'आयम गॉना लव्ह यू टू' फक्त शेवटासाठी लावा. गाणं संपताना रातकिड्याची किरकिर ऐकू येते. स्टुडिओच्या घुमाऱ्याच्या खोलीत खरोखरचा किडा शिरला होता आणि या मंडळींनी तो तसाच राहू दिला. मुलं असतील तर त्यांना कान देऊन ऐकायला सांगा. त्यांना तो मोठ्यांच्या आधी सापडतो.

'रेव्ह ऑन'मध्ये पहिलाच शब्द पाहा. 'वेल' या एका अक्षराचे तो सहा तुकडे करतो. हॉलीच्या गाण्यातली प्रसिद्ध उचकी ती हीच. आपल्याकडे खटका-मुरकीवर वाढलेल्या कानाला हे पटकन कळतं. इथे फार समजावून सांगू नका.

यानंतर वेग उतरवा. 'वेल... ऑल राइट' १९५८ चं. साधी लाकडी गिटार आणि झांज, बाकी जवळजवळ काही नाही. माझ्या मते त्याचं सर्वांत पुढचं गाणं हेच. ते साठच्या दशकाच्या मध्यातलं म्हणून कोणाला ऐकवलं तर शंका येणार नाही. मग २१ ऑक्टोबर १९५८ चं 'ट्रू लव्ह वेज' : न्यूयॉर्क, डिक जेकब्जचं वाद्यवृंद संचालन, व्हायोलिनं. 'रॉकवाला मवाळ झाला' अशी कोणी कुरकुर करेल. करू द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यापासून व्हायोलिनच्या ताफ्यापर्यंत तो दीड वर्षात पोचला होता, एवढं मात्र सांगा.

आणि नववं, 'क्राइंग, वेटिंग, होपिंग'ची कोरी टेप. यानंतर लगेच बोलू नका. पाणी-चहाची सुट्टी घ्या.

अपघात दहा मिनिटांत सांगा

सुट्टीनंतर अपघात. टिपण आधी लिहून काढा, कारण तोंडी सांगताना हा प्रसंग रंगत जातो आणि खोटं शिरतं.

मला पुरेसा वाटणारा मजकूर असा. 'विंटर डान्स पार्टी' हा दौरा २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीहून निघाला. चोवीस दिवसांत चोवीस गावं. मार्ग आखताना अंतराचा विचारच नव्हता, बस उलटसुलट धावत होती आणि बसमधलं गरम हवेचं यंत्र बंद पडत होतं. ड्रमर कार्ल बंचचे पाय हिमदंशाने बधिर होऊन त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. ३१ जानेवारीला डुलुथच्या कार्यक्रमात प्रेक्षकांत एक शाळकरी मुलगा होता, पुढचा बॉब डिलन. २ फेब्रुवारी खरं तर सुट्टीचा दिवस होता, तो क्लिअर लेक गावाच्या सर्फ बॉलरूमने भरून काढला. पुढचं गाव मिनेसोटातलं मूरहेड, जवळपास सहाशे किलोमीटर. झोप मिळावी, कपडे धुवून व्हावेत म्हणून हॉलीने जवळच्या मेसन सिटीहून फार्गोपर्यंत चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा विमान ठरवलं. माणशी छत्तीस डॉलर. हॉलीच्या बँडमधल्या वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या बॉपरला दिली. त्याच बँडमधल्या टॉमी ऑलसपने जागेसाठी व्हॅलेन्सबरोबर नाणं उडवलं आणि ऑलसप हरला, म्हणून जागा व्हॅलेन्सला मिळाली. विमान एकच्या जरा आधी उडालं आणि काही मैलांवर पडलं. सकाळी साडेनऊच्या सुमारास विमान कंपनीच्या मालकानेच आकाशातून ते पाहिलं.

चौथा माणूस विसरू नका : वैमानिक रॉजर पीटरसन, वय एकवीस. त्याचं नाव घ्यायलाच हवं. चौकशी अहवालात मुख्य कारण म्हणून आलं ते असं की हवा बिघडत असताना फक्त उपकरणांच्या भरवशावर उडावं लागेल अशा प्रवासाला तो निघाला आणि तशा उड्डाणाचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं. त्यात भर दोन गोष्टींची : हवामानाची माहिती त्याला अपुरी मिळाली होती, आणि विमानाचा तोल दाखवणारं उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणापेक्षा उलट्या पद्धतीने दाखवणारं होतं. खाली अंधार, वर ढग, समोर बर्फ. पोरगा बेफिकीर होता असा निष्कर्ष यातून काढायचं कारण नाही.

प्रश्न येतील, त्यांची तयारी ठेवा. विमानाचं नाव 'अमेरिकन पाय' नव्हतं. ते मक्लीनच्या गाण्यावरून मागाहून चिकटलं. विमानात गोळी झाडली गेली का? हॉलीचं पिस्तूल काही आठवड्यांनी शेतात सापडलं, त्यावरून ही अफवा उठली. २००७ मध्ये बॉपरच्या मुलाच्या इच्छेने शवपेटी उघडून न्यायवैद्यक तज्ज्ञ बिल बास यांनी तपासणी केली. गोळीची कुठलीही खूण मिळाली नाही, मृत्यू अपघातातच झाला होता. जेनिंग्ज आणि हॉली यांच्यातली निघतानाची थट्टा, जी जेनिंग्जला पुढे आयुष्यभर सलत राहिली, ती सांगायची की नाही हे श्रोत्यांवर ठरवा. मी टाळतो. ती सांगितली की बाकीचं सगळं लोक विसरतात.

एक गोष्ट मात्र सांगाच. त्याच संध्याकाळी मूरहेडचा कार्यक्रम झाला. जागा भरायला फार्गोचा पंधरा वर्षांचा बॉबी व्ही आपला बँड घेऊन उभा राहिला आणि त्याचं करिअर तिथून सुरू झालं. दौरा आणखी जवळजवळ दोन आठवडे चालला.

बाकीच्या दोघांना एकेक गाणं

व्हॅलेन्सचं 'ला बाम्बा', मूळ, १९५८ चं. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचं लोकगीत, लग्नाकार्यात वाजणारं. रिची लॉस एंजेलिसच्या पकोइमा भागात वाढला, स्पॅनिश त्याला धड बोलता येत नव्हतं. तरी त्याने ते स्पॅनिशमध्येच ठेवलं आणि ते अमेरिकन रेडिओवर वाजलं. साथीला ड्रमवर अर्ल पामर आणि गिटारवर कॅरल के ही कसलेली मंडळी आहेत; सतरा वर्षांचा पोरगा त्यांच्यापुढे कसा बिनधास्त गातो ते ऐका. पकोइमाच्या शाळेच्या मैदानावर ३१ जानेवारी १९५७ ला आकाशात धडकलेल्या विमानाचे तुकडे पडले, मुलं दगावली, आणि रिची त्या दिवशी आजोबांच्या अंत्यविधीला गेल्यामुळे शाळेत नव्हता. घटना खरी आहे. पण तिला 'नियती' वगैरे जोडू नका, मोह होतो.

बॉपर म्हणजे जे. पी. रिचर्डसन, टेक्सासच्या बोमाँटमधला रेडिओ निवेदक. त्याने सलग पाच दिवसांहून अधिक काळ प्रसारण करून विक्रम केला होता. 'शँटिली लेस' हे टेलिफोनवरचं एकतर्फी संभाषण आहे. इंग्रजी न कळणारेही हसतात, कारण सगळं आवाजाच्या अभिनयात आहे. त्याने लिहिलेलं 'व्हाइट लाइटनिंग' जॉर्ज जोन्सने गायलं आणि १९५९ मध्ये कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं; 'रनिंग बेअर' जॉनी प्रेस्टनच्या आवाजात १९६० च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. विनोदी बाजूने आठवला जाणारा हा माणूस गीतकार म्हणून पुढे गेला असता, हे या दोन गाण्यांवरून दिसतं.

पुढच्या बैठकांसाठी

एडी कॉक्रन सर्वांत सोपा. अपघातानंतर लगेचच त्याने त्या तिघांवरचं 'थ्री स्टार्स' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं; गाताना त्याचा आवाज फुटतो. ते १९६६ मध्ये बाहेर आलं, तोवर तो स्वतःच जाऊन सहा वर्षं झाली होती. १६ एप्रिल १९६० च्या रात्री ब्रिस्टलचा कार्यक्रम आटोपून निघालेली त्यांची टॅक्सी चिपनमजवळ दिव्याच्या खांबावर आदळली आणि दुसऱ्या दिवशी बाथच्या रुग्णालयात तो गेला, वय एकवीस. गाडीतला गायक जीन व्हिन्सेंट जखमी होऊन वाचला. पण ऐकायला सुरुवात 'समरटाइम ब्लूज'पासून करा आणि एकाच पोराने एकावर एक टेप चढवून किती आवाज स्वतः केले ते मोजा.

जॉनी एससाठी 'प्लेजिंग माय लव्ह' पुरेसं आहे. १९५४ च्या ख्रिसमसला ह्यूस्टनच्या सभागृहात मध्यंतरात त्याला स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागली. 'रशियन रूलेट' हा शब्द त्याच्या नावाला सर्रास चिकटवला जातो, पण तिथे असलेल्यांच्या सांगण्यानुसार तो पिस्तुलाशी चाळा करत होता आणि ते रिकामं आहे अशा समजात होता. फ्रँकी लायमन तेरा वर्षांचा असताना 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' गायला आणि १९६८ मध्ये पंचविशीत हेरॉइनने गेला. त्याच्या बैठकीत अर्धा वेळ कोर्टकचेरीला ठेवा : गाण्याच्या श्रेयावर त्याच्याच दोन साथीदारांचा दावा १९९२ मध्ये मान्य झाला आणि १९९६ मध्ये निव्वळ मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. लिटल विली जॉनचं 'फीव्हर' ऐकवताना ते १९५६ चं आणि त्याचं आहे हे आधी सांगा, कारण बहुतेकांना पेगी लीचं माहीत असतं. १९६८ च्या मे महिन्यात तो वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगात वारला, वय तीस.

जॉनी बर्नेटच्या वेळी एक गोंधळ टाळा. तो १९६४ मध्ये क्लिअर लेकवर बोटीच्या अपघातात गेला, पण ते कॅलिफोर्नियातलं तळं. हॉलीचं क्लिअर लेक आयोवातलं.

सभागृहात किंवा जागेवर जाऊन

घरी मित्रांबरोबर ऐकायला परवाना लागत नाही. वाचनालयात, मंडळाच्या सभागृहात किंवा तिकीट लावून केलं तर सार्वजनिक वादनाचा प्रश्न येतो. आयपीआरएस आणि पीपीएल या संगीताचे परवाने देणाऱ्या संस्थांकडे आधी चौकशी करा. ध्वनिमुद्रणाचा हक्क संपला तरी गीताचा हक्क वेगळा असतो आणि सहलेखक नंतर वारलेला असेल तर तो लांबतो. ॲलिसन २०२२ पर्यंत हयात होता.

मिनियापोलिस परिसरातल्या मराठी मंडळींना सर्फ बॉलरूम दोनेक तासांवर आहे, महामार्ग ३५ ने सरळ दक्षिणेला. इमारत अजून तशीच उभी आहे. २०२१ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे दरवर्षी सोहळा असतो. अपघाताची जागा गावाच्या उत्तरेला, खासगी शेतात. रस्त्याच्या कडेला चष्म्याची मोठी चौकट उभी केलेली आहे, तिथे गाडी लावून कुंपणाच्या कडेने चालत जावं लागतं. पिकात पाय घालू नका. थंडीत गेलात तर बर्फाचे बूट हवेतच. तिथे पोलादी गिटार आणि तीन तबकड्यांचं स्मारक आहे; पीटरसनसाठीचं वेगळं स्मारक २००९ मध्ये बसवलं. लबकला जायचं असेल तर 'बडी हॉली सेंटर'मध्ये त्याचा अपघातातून मिळालेला चष्मा ठेवलेला आहे, आणि स्मशानभूमीत शोधताना दगडावर 'हॉली' आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' जास्त आहे हे ध्यानात ठेवा. घराण्याचं मूळ स्पेलिंग तेच. क्लोव्हिसचा स्टुडिओ मात्र आधी वेळ ठरवूनच बघता येतो.